ओरेक्झिन नसताना जागं राहणं

नार्कोलेप्सी म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याचा आजार. त्याच्या रुग्णावर आळशीपणाचा शिक्का आधी बसतो, निदान नंतर होतं. मध्ये बहुधा काही वर्षं गेलेली असतात आणि ती फार क्लेशाची असतात. खरं कारण मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये असतं. तिथल्या मोजक्या पेशी ओरेक्झिन नावाचं रसायन तयार करतात. आपलं जागेपण टिकतं ते त्याच्यामुळे. १९९८ मध्ये ते सापडलं आणि दोनच वर्षांनी, मृत रुग्णांचे मेंदू तपासले तेव्हा ओरेक्झिन बनवणाऱ्या बहुतेक पेशी नाहीशा झालेल्या आढळल्या. त्या परत येत नाहीत.

म्हणून नेहमीची औषधं ही उणीव भरून काढत नाहीत, तिच्यातून वाट काढतात. सकाळी घ्यायची मोडाफिनिलची गोळी मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाचा प्रभाव वाढवून झोप दूर ठेवते. हसू फुटताच गुडघे लुळे पडतात, मान कलते, पण शुद्ध मात्र पूर्ण असते, त्या कॅटाप्लेक्सीवर व्हेनलाफॅक्सिनसारखी औषधं चालतात. ती मनाने एकदम बंद केली तर झटके उसळून येतात. आणखी एक गोष्ट अनेकींना कुणी सांगतच नाही: मोडाफिनिलमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो.

रुग्णांना व्यायामाचाही सल्ला मिळतो. औषधं आहेत, मग व्यायाम कशाला? ओरेक्झिन नसलेल्या उंदरांच्या पिंजऱ्यात पळायचं चाक ठेवलं, तेव्हा ते जास्त वेळ जागे राहिले. म्हणजे हालचालीमुळे येणारी तरतरी ओरेक्झिनवाचूनही मिळते. पण त्याच उंदरांमध्ये कॅटाप्लेक्सीचे झटकेही वाढले. मला हा प्रयोग महत्त्वाचा वाटतो, कारण ‘व्यायाम कर, गोळ्या सुटतील’ हा सल्ला किती अपुरा आहे ते त्यातून कळतं. माणसांमध्ये व्यायामाचा फायदा आणखी एका बाजूने होतो. या आजारात वजन वाढतं, विशेषतः मुलांचं, आणि त्याला आवर घालायला रोजचं चालणं, सायकल, खेळ उपयोगी पडतात. वेळ सकाळची किंवा दुपारची ठेवावी. झोपायच्या तोंडावर नको. कॅटाप्लेक्सी असेल तर एकट्याने पोहू नये, जड वजनं उचलताना कुणीतरी शेजारी असावं.

गोळी आणि व्यायाम दोन्ही असूनही दुपारी डोळे मिटतातच. तेव्हा पंधरा-वीस मिनिटांची ठरलेली डुलकी बरीच हुशारी देऊन जाते. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर ती वेळ लिहून घ्यावी. शाळेत किंवा ऑफिसात दाखवता येते.