समाजसेवा अधीक्षक फक्त फॉर्म भरत नाही

सायबर महाविद्यालयात एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, प्रवेश घेतला, की कोल्हापुरातल्या घरोघरी एकच वाक्य येतं: "हे शिकून काय, सीपीआर रुग्णालयात बिलमाफीचे फॉर्मच भरायचे ना?" रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकाबद्दलचा हा समज साफ चुकीचा आहे.

कागदपत्रं हा कामाचा एक तुकडा. खरं काम खाटेजवळ सुरू होतं. ऊसतोडीला आलेला क्षयरोगी सहा महिन्यांचं औषध दोन महिन्यांत सोडतो. ताप उतरलेला असतो, टोळी पुढच्या फडाकडे निघालेली असते. डॉक्टर गोळी लिहून देतात. रुग्णाला विचारून, पुढच्या मुक्कामाजवळचं आरोग्य केंद्र शोधून ती चालू राहील हे बघतो समाजसेवा अधीक्षक.

आणि असे रुग्ण पुन्हा पुन्हा का निसटतात? हा प्रश्न आरोग्याच्या समाजशास्त्राचा. त्यावर पीएचडी होते. नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा, समाजकार्यातून देता येते. पुढे प्राध्यापकी आहेच. माझ्या मते ऊसपट्ट्यात राहणाऱ्यांनी तर हा विषय आवर्जून घ्यावा, अभ्यासाचं क्षेत्र दाराशी आहे.

हे नवं खूळही नव्हे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये रुग्णालयातलं हे समाजकार्य १९०५ साली सुरू झालं, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ साली.