नदीत पडलेला नारळ

दहावीच्या बीजगणितात ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ आली की पाठोपाठ होडी येतेच. संथ पाण्यातला होडीचा वेग क्ष, प्रवाहाचा वेग य. प्रवाहाबरोबर क्ष + य, प्रवाहाविरुद्ध क्ष – य. मुलं हे घोकतात. कोल्हापूरच्या पोरांना खरं तर घोकायची गरजच नाही. रंकाळा तलावात वल्ही मारून होडी जेवढी पळते, तो क्ष. पंचगंगेच्या घाटावर उभं राहिल्यावर पाण्यावरची पानं-फुलं ज्या वेगानं पुढे सरकतात, तो य. खाली राजाराम बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की पाणी अडतं आणि हाच य शून्याजवळ येतो. पावसाळ्यात तो इतका वाढतो की होडी घालायची हिंमत होत नाही.

बेरीज का करायची, हे एसटीत कळतं. कंडक्टर गाडीत मागून पुढे चालत येतो. रस्त्याकडेच्या झाडावरून पाहिलं तर त्याच्या चालीत गाडीचा वेग मिसळलेला असतो. मागे जाताना तो वजा होतो. होडी म्हणजे कंडक्टर, नदी म्हणजे एसटी.

पण मुलं अडखळतात ती पुढच्या पायरीवर. जाताना प्रवाहाची मदत, येताना अडथळा, म्हणजे फिटंफाट, असं वाटतं. तसं होत नाही. संथ पाण्यात ताशी 10 किमी जाणाऱ्या होडीला 12 किमी जाऊन परत यायला 2 तास 24 मिनिटं लागतात. प्रवाह ताशी 2 किमी असेल तर जाताना 1 तास, येताना दीड, एकूण अडीच. प्रवाह 6 झाला तर पाऊण तास आणि तब्बल 3 तास! मदतीच्या वेगानं होडी थोडाच वेळ असते, अडथळ्याशी झुंजण्यात मात्र बराच वेळ जातो. म्हणून 16 आणि 4 ची सरासरी 10 काढणारा विद्यार्थी चुकतो.

आता माझं सर्वांत आवडतं उदाहरण. होडी प्रवाहाविरुद्ध निघाली आहे. नदीची ओटी भरायला आणलेला नारळ होडीच्या काठावरून घरंगळून पाण्यात पडला. वीस मिनिटांनी लक्षात आलं, तशी लगेच होडी वळवली. वल्ह्यांचा जोर तोच. नारळ हाती लागला तो पडल्या जागेपासून 2 किमी खाली. प्रवाहाचा वेग किती?

बहुतेक जण इथे क्ष, य मांडून पानभर आकडेमोड करतात. तसं न करता क्षणभर नारळावर बसून बघा. नारळाला आजूबाजूचं पाणी स्थिरच वाटतं, रंकाळ्यासारखं. त्याच्या दृष्टीनं होडी क्ष वेगानं वीस मिनिटं लांब गेली आणि त्याच क्ष वेगानं परत आली. म्हणजे परतायलाही वीसच मिनिटं. एकूण चाळीस मिनिटांत नारळ 2 किमी वाहिला. प्रवाह ताशी 3 किमी.

काठावरून पडताळा घ्या. वीस मिनिटांत होडी वर गेली (क्ष – य)/3, नारळ खाली गेला य/3. दोघांतलं अंतर क्ष/3. वळल्यावर होडी क्ष + य वेगानं धावते, नारळ य वेगानं पुढे पळतो, अंतर क्ष वेगानं मिटतं. क्ष/3 भागिले क्ष, म्हणजे तासाचा तिसरा हिस्सा. य आपोआप गळून पडला.

आणि होडीचा वेग? तो या गणितातून निघत नाही. ताशी 5 असो की 15, नारळ सापडतो तिथेच.