'ऑप्शनल' म्हणजे एरर सोडून द्या, असं नाही

"सेटिंग ऑप्शनल आहे ना, मग एरर आली तरी सोडून दे." ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारे प्रोग्रॅम, लिहिणाऱ्यांत वर्षानुवर्षं फिरणारा हा सल्ला चुकीचा आहे. सोलापुरात टॉवेलच्या मागाच्या कंट्रोलरवर मी तो पाळला आणि दोन दिवस वाया घालवले. डिव्हाइस ट्रीत, म्हणजे कर्नलला हार्डवेअरची माहिती देणाऱ्या फाइलीत, वेगमर्यादा होती, पण ३२ बिटच्या जागी एकच बाइट लिहिलेला. लिनक्स कर्नलने उणे ७५ हा एरर कोड परत दिला, म्हणजे सेटिंग आहे पण डेटा अपुरा. सेटिंग मुळातच नसती तर उणे २२ दिला असता. मी दोन्ही सारखेच धरले, आणि माग गुपचूप डिफॉल्ट वेगाने चालत राहिला!

उणे २२ आला तरच डिफॉल्ट घ्या. दुसरा कुठलाही एरर आला, तर सेटिंगचं नाव आणि कोड लॉगमध्ये लिहून प्रोब (ड्रायव्हर हार्डवेअरशी जोडला जाण्याचा टप्पा) तिथेच थांबवा. ऑप्शनल जीपीआयओ (सॉफ्टवेअरने वाचता-बदलता येणारी पिन) नसेल तर नल (NULL, म्हणजे रिकामा पॉइंटर) मिळतो, तो एरर नव्हे. उणे ५१७ (नंतर पुन्हा प्रोब करा) मात्र जसाच्या तसा परत करा; पिन अजून तयार व्हायची असते.