नव्ह शापेल

नव्ह शापेल : उत्तर फ्रान्समधील एक लहान शेतकरी खेडे. ओ-द-फ्रान्स प्रांताच्या पा-द-कॅले जिल्ह्यात, लील शहराच्या नैर्ऋत्येस साधारण वीस-पंचवीस किलोमीटरवर ते वसले आहे. लोकवस्ती हजार-दीड हजार. गावाच्या नावाचा अर्थ ‘नवे चॅपेल’, म्हणजे नवे लहानसे प्रार्थनामंदिर. पहिल्या महायुद्धात येथे दोन मोठ्या लढाया झाल्या आणि दोन्हींत भारतीय सैनिक लढले. पहिल्या लढाईत पुण्याजवळच्या खडकीहून गेलेल्या पलटणीच्या दोन कंपन्या होत्या, म्हणून मराठी वाचकाने हे गाव नकाशावर एकदा तरी शोधावे.

गावाचा इतिहास समजून घ्यायचा तर आधी तिथली जमीन पाहावी लागते. लीस नदीच्या दक्षिणेला पसरलेले हे मैदान ताटासारखे सपाट आहे. माती चिकण, पाण्याला धरून ठेवणारी. हिवाळ्यात हातभर खणले तरी पाणी उपळते. त्यामुळे शेताशेतांतून निचऱ्याचे चर काढलेले असतात आणि चरांच्या काठाने विलोच्या रांगा असतात. आपल्याकडच्या वाळुंजाच्या जातीची ही झाडे दर काही वर्षांनी शेंड्यापासून छाटतात, म्हणून ती बुंध्यावर झाडू उभा केल्यासारखी दिसतात. पिके गहू, बटाटा, शुगरबीट आणि चाऱ्याची. दगड जवळपास मिळत नसल्याने घरे लाल विटांची. गावाच्या पूर्वेला ‘ले’ नावाचा ओढा, त्यापलीकडे बिएचे रान आणि त्याही मागे ओबेरचा उंचवटा आहे. हा उंचवटा आसपासच्या शेतांपेक्षा जेमतेम पंधरा-वीस मीटर उंच. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला तो चढ म्हणून जाणवणारही नाही. पण इतक्या सपाट मुलखात तेवढ्या उंचीवर बसलेल्याला सगळे मैदान दिसते. त्या पंधरा-वीस मीटरांसाठी हजारो माणसे मेली.

युद्धापूर्वीचा काळ चारचौघा खेड्यांसारखाच होता. आर्त्वा आणि फ्लांडर्स या जुन्या प्रांतांच्या सीमेवरचा हा भाग सतराव्या शतकात स्पेनच्या हॅब्सबर्ग राजघराण्याकडून फ्रान्सकडे आला. राज्यक्रांतीनंतर १७९० मध्ये जिल्हे आखले गेले तेव्हा गाव पा-द-कॅलेत पडले. पुढची सव्वाशे वर्षे शेती, बाजार आणि चर्च यांत गेली.

ऑक्टोबर १९१४ मध्ये युद्धाची आघाडी समुद्राकडे सरकत असताना जर्मनांनी गाव घेतले. २७ ऑक्टोबरला त्यांनी येथे घशाला व नाकाला झोंबणारी रासायनिक भुकटी भरलेले सुमारे तीन हजार तोफगोळे टाकले. परिणाम इतका कमी झाला की समोरच्यांच्या तो लक्षातही आला नाही. रासायनिक युद्धाच्या इतिहासात मात्र त्या दिवसाची नोंद राहिली. दुसऱ्याच दिवशी, २८ ऑक्टोबरला, गाव परत घेण्यासाठी ४७वी शीख पलटण आणि ‘थर्ड सॅपर्स अँड मायनर्स’च्या २० व २१ क्रमांकाच्या कंपन्या पुढे निघाल्या. थर्ड सॅपर्स म्हणजेच आजचे बॉम्बे सॅपर्स. त्यांचे ठाणे खडकीला आणि भरती मराठा, शीख व मुसलमान जवानांची. पूल बांधणे, रस्ते करणे, सुरुंग लावणे हे त्यांचे खरे काम. त्या दिवशी माणसे कमी पडली म्हणून त्यांना पायदळासारखे संगिनी लावून उघड्या शेतातून पाठवले. महिन्याभरापूर्वी मार्सेय बंदरात उतरलेली भारतीय फौज थंडी आणि तोफांचा मारा यांची नुकती ओळख करून घेत होती. तरीही या माणसांनी गावात शिरून घराघरांत, खोल्याखोल्यांत लढून बराच भाग घेतला. मागून कुमक आली नाही आणि त्यांना माघार घ्यावी लागली. शिखांच्या २८९ पैकी ६८ जण परतले. सॅपर्सच्या दोन्ही कंपन्यांचे जवळजवळ सर्व इंग्रज अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले. कसबी कारागिरांची अशी नासाडी व्हायला नको होती, हे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. पुढच्या मोठ्या लढाईच्या सावलीत हा दिवस झाकला गेला.

ती मोठी लढाई १० ते १३ मार्च १९१५ ची. विमानातून काढलेल्या छायाचित्रांवरून ब्रिटिशांनी जर्मन खंदकांचे नकाशे आधीच तयार केले होते. सकाळी साडेसातला त्यांच्या ३४० हून अधिक तोफा एकदम सुरू झाल्या आणि पस्तीस मिनिटांनी थांबल्या. भारतीय कोअरची मेरठ डिव्हिजन व ब्रिटिश पायदळ यांनी दुपारच्या आत गाव घेतले. मग टेलिफोनच्या तारा तुटल्या, हुकूम वेळेवर पोचेनात, आणि पुढे जायच्या ऐन वेळी पलटणी तासन्‌तास थांबून राहिल्या. तेवढ्यात जर्मनांनी राखीव सैन्य आणले. ओबेरचा उंचवटा हाती आलाच नाही. जेमतेम सव्वा किलोमीटर आत सरकण्यासाठी सुमारे ११,२०० माणसे ठार, जखमी वा बेपत्ता झाली; त्यांत ४,२०० भारतीय होते. जर्मनांचे नुकसानही याच्या आसपास झाले. ३९व्या गढवाल रायफल्सचे रायफलमन गबर सिंग नेगी पहिल्याच दिवशी खंदक साफ करताना पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

पाणी वर असल्याने येथे खोल खंदक खणताच येत नसत. मातीच्या पोत्यांची छातीएवढी भिंत रचून तिच्याआड राहावे लागे. पुढची तीन वर्षे आघाडी या चिखलात जवळपास जागची हलली नाही. ९ एप्रिल १९१८ च्या जर्मन हल्ल्यात हा भाग ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या पोर्तुगीज सैन्याकडे होता आणि त्यांचे भयंकर नुकसान झाले. त्या माऱ्यात गावातल्या क्रुसावरच्या ख्रिस्तमूर्तीचे पाय गेले, हात तुटला, पण मूर्ती ढिगाऱ्यातही उरली. फ्रान्सने १९५८ मध्ये ती पोर्तुगालला दिली. तिथल्या बाताल्या गावच्या मठात अज्ञात सैनिकाच्या समाधीशी ‘खंदकांचा ख्रिस्त’ म्हणून ती आज उभी आहे.

युद्ध संपले तेव्हा गावात उभी भिंत शोधावी लागे. १९२० च्या दशकात लोक परतले, चर पुन्हा काढले, विटांची घरे आणि चर्च नव्याने बांधले. आज दिसणारे गाव हे असे शंभरेक वर्षांचे आहे.

गावापासून ८०० मीटरवर, ला बॉम्ब नावाच्या चौकात भारतीय स्मारक आहे. नाव नव्ह शापेलचे असले तरी जागा शेजारच्या रिशबूर गावच्या हद्दीत येते. वास्तुविशारद हर्बर्ट बेकर यांनी अशोकस्तंभ आणि स्तूपाभोवतीचे कठडे डोळ्यांपुढे ठेवून त्याची रचना केली. सुमारे १५ मीटर उंच स्तंभाच्या माथ्यावर कमळ, पायथ्याशी दोन दगडी वाघ, एका बाजूला जाळीदार कठडा, दुसऱ्या बाजूला वळती भिंत आणि तिच्यावर कबरीचा पत्ता न लागलेल्या ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे. नावे पलटणीनुसार लावली आहेत, त्यामुळे सॅपर्स शोधायला वेळ लागत नाही. ‘ईश्वर एक आहे, विजय त्याचाच’ या अर्थाचे वचन स्तंभावर इंग्रजी, अरबी, गुरुमुखी आणि देवनागरीत कोरले आहे. बीटच्या शेतांमधल्या त्या चौकात देवनागरी अक्षरे समोर येतात तेव्हा गलबलून येते. ७ ऑक्टोबर १९२७ रोजी झालेल्या उद्घाटनाला फ्रेंच सेनापती मार्शल फॉश, कपूरथळ्याचे महाराज आणि इंग्रज लेखक रुडयार्ड किपलिंग हजर होते. २०१५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी येथे पुष्पचक्र वाहिले. पश्चिम आघाडीवरील १३९ स्मारकस्थळे २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली, त्यांत हेही आहे. रस्त्याच्या पलीकडे पोर्तुगीज सैनिकांची दफनभूमी असून तेथे १,८३१ कबरी आहेत.

या पट्ट्यातली जमीन आजही नांगरताना गंजलेले तोफगोळे वर काढते. शेतकरी ते बांधाकडेला ठेवतो, निकामी करणाऱ्या सरकारी पथकाला कळवतो आणि उरलेली नांगरट पुरी करतो.