बाळाला पाठीवर बांधण्याची जुनी रीत आणि सुरक्षेचे नवे नियम

बाळाला पाठीवर बांधून कामाला लागण्याची रीत जगाच्या अनेक भागांत पूर्वापार चालत आली आहे. पूर्व आफ्रिकेत त्यासाठी कांगा हे कापड वापरतात, कोरियात पोदेगी, जपानमध्ये ओंबुहिमो, तर आर्क्टिक प्रदेशातील इनुइट स्त्रियांच्या अमाउती या कोटाला पाठीवर बाळासाठी कप्पाच शिवलेला असतो. कंबरेत वाकून बाळ पाठीवर घ्यायचे, एका हाताने त्याला धरून कापड त्याच्या बुडाखालून ओढून आवळायचे आणि गाठ पक्की बसल्याशिवाय ताठ उभे राहायचे नाही, हे सारे जाणत्या बाईचे पाहून आणि तिच्या देखरेखीखाली करून अंगवळणी पडत असे. सुरक्षितता कापडात कमी आणि या सरावात अधिक होती, असे मला वाटते.

आजच्या कॅरियरच्या, म्हणजे बाळाला अंगावर बांधून घेण्याच्या तयार साधनाच्या, घडणीत अ‍ॅन मूर यांचा मोठा वाटा आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ही अमेरिकी परिचारिका पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक संस्थेच्या कामासाठी पश्चिम आफ्रिकेतील टोगो येथे होती आणि तिथल्या आयांच्या पाठीवर निवांत असलेली बाळे तिने पाहिली होती. मायदेशी परतल्यावर मुलगी झाली, तेव्हा तिने तसेच करून पाहिले. पण बाळ खाली घसरू लागले. मग तिच्या आईने, ल्यूसी ऑकरमन यांनी, पट्टे असलेली पिशवी शिवून दिली. त्या पिशवीला १९६९ मध्ये पेटंट मिळाले आणि ती पुढे ‘स्नगली’ या नावाने विकली गेली. सरावाची उणीव अशा रीतीने शिवणीने भरून काढली गेली.

मात्र दुकानातून वस्तू घरी येते, दाखवणारी व्यक्ती येत नाही. मार्च २०१० मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने झोळीसारख्या स्लिंगबाबत इशारा दिला : मागील २० वर्षांत त्यांच्याशी संबंधित किमान १४ मृत्यू आढळले होते आणि त्यांपैकी १२ बाळे चार महिन्यांपेक्षा लहान होती. नाकातोंडावर कापड दाबले जाणे किंवा हनुवटी छातीला टेकून श्वासमार्ग अरुंद होणे, ही त्यामागची मुख्य कारणे. या झोळ्या पाठीवरच्या नव्हत्या हे खरे. पण पाठीवर बाळाचा चेहरा दिसतच नसल्याने तोच धोका अधिक गंभीर होतो. म्हणूनच बाळाने मान नीट धरल्यावरच त्याला पाठीवर घ्यावे आणि मान वळवून पाहता येईल इतके उंच बांधावे, असे सांगितले जाते. कडक चौकट असलेल्या, पाठीवर घ्यायच्या कॅरियरसाठी तर ते आधाराशिवाय बसू लागेपर्यंत थांबावे लागते.

अमेरिकेतील २००८ च्या कायद्यानुसार या आयोगाने मऊ कॅरियरसाठी २०१४ मध्ये आणि चौकटीच्या कॅरियरसाठी २०१५ मध्ये सक्तीचे नियम केले. युरोपात ईएन १३२०९ हे मानक आहे. पाय बाहेर काढायच्या जागेतून लहान बाळ निसटणार नाही ना, बकल भार सोसतात ना, पट्टे सरकत नाहीत ना, हे त्यांत तपासले जाते. मांड्यांना आधार आणि गुडघे बुडापेक्षा किंचित वर, ही खुब्यांसाठी आज सुचवली जाणारी बैठक तर पाठीला बिलगून बांधलेल्या बाळाला पूर्वीपासूनच मिळत होती.

बाळ पाठीवर चढवण्याची क्रिया मात्र कोणत्याही मानकात बसवता येत नाही. ब्रिटनमधील स्लिंग लायब्ररींत कॅरियर उसने मिळतात आणि ते बांधायचे कसे, हे प्रशिक्षित व्यक्ती समोर उभे राहून दाखवतात. पाठीवर बांधण्याचा सराव आधी वजनदार बाहुलीवर करून घेतला जातो.