कठीण खडक खोलवर का फुटतो?

सोलापूरकडे विहीर खोदताना काळा कातळ लागला की खोदणारे निर्धास्त होतात. वरच्या मुरमाला दगडी बांधकाम करावं लागतं, कातळ मात्र उघडाच सोडतात आणि तो वर्षानुवर्षं ढळत नाही. म्हणूनच २०२३च्या नोव्हेंबरात उत्तराखंडच्या सिलक्यारा बोगद्यात ४१ कामगार अडकले, तेव्हा ‘दगड आपल्यासारखा असता तर हे झालंच नसतं’ असं इथे बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. तिथला खडक कमकुवत होता हे खरं. (तोंडाशी असलेलं देऊळ हलवल्याचा कोप झाला, ही मात्र भाकडकथा. अशा कथांमुळे चौकशीच्या खऱ्या प्रश्नांवर पांघरूण पडतं.) पण खडक कठीण म्हणजे बोगदा सुरक्षित, हे गणित खोल गेल्यावर उलटतं. कोलारच्या सोन्याच्या खाणी ३ किलोमीटरपेक्षा खोल गेल्या होत्या. तिथे अतिशय कठीण खडक स्फोट झाल्यासारखा उडायचा आणि त्यात माणसं दगावली.

याचं कारण डोक्यावरचं वजन, असं वाटणं साहजिक आहे. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात एका भूमिगत प्रयोगशाळेत हे तपासलं गेलं. ४२० मीटर खोलीवर, अखंड ग्रॅनाइटमध्ये ३.५ मीटर व्यासाचा गोल बोगदा खोदला. सुरुंग मुद्दामच लावला नाही. ओळीनं भोकं पाडून खडक यंत्रानं फोडून काढला, म्हणजे तडे गेलेच तर खापर सुरुंगावर फुटायला नको. तिथे उभा दाब सुमारे ११ मेगापास्कल होता (एक मेगापास्कल म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण दहापट) आणि आडवा तब्बल ६०. खोदाई पुढे सरकली तसे छताचे पापुद्रे सुटत गेले आणि ‘व्ही’ आकाराची खाच पडली. तशीच खाच तळालाही पडली! तळ काही वजनानं खाली पडत नाही.

आडवा दाब भोकातून जाऊ शकत नाही, तो वरून आणि खालून वळसा घेतो आणि तिथे एकवटतो. भोकाभोवतीचा दाब काढणाऱ्या, जर्मन अभियंते किर्श यांच्या १८९८च्या सूत्रानुसार तो होतो ३ × ६० − ११, म्हणजे १६९ मेगापास्कल. प्रयोगशाळेत याच ग्रॅनाइटचा नमुना २०० मेगापास्कलच्या वर टिकत होता. मग बोगदा का फुटला?

खरी गंमत इथे आहे. दाबाखालच्या खडकात कणांच्या कडांशी बारीक ताण निर्माण होतो आणि केसासारखे तडे दाबाच्या दिशेनं उघडू पाहतात. हे नमुन्याच्या ताकदीच्या जेमतेम ४० टक्क्यांवरच सुरू होतं. खडकाच्या पोटात बाजूचा दाब हे तडे वाढू देत नाही. बोगद्याच्या कडेला तो दाब शून्य! तिथे तडे पृष्ठभागाला समांतर धावतात, पातळ पापुद्रे सुटतात आणि दोन्ही टोकांनी दाबलेल्या फूटपट्टीसारखे बाहेर फुगून मोडतात. बाजूचा दाब किती थोडा पुरतो पाहा: तळावर साचलेल्या चुऱ्यानंही तिथली फूट रोखून धरली होती, चुरा उपसल्यावर ती सुरू झाली. खाच खोल जाते तसा तिच्या टोकाशी बाजूचा दाब वाढतो, म्हणून ती आपोआप थांबतेही.

जुनी सूत्रं चुकली ती याचमुळे. खडकाची ताकद म्हणजे कणांची आपसातली पकड अधिक घर्षण, अशी बेरीज ती करत. पण घर्षणाला दोन पृष्ठभाग एकमेकांवर सरकावे लागतात, आणि ते सरकेपर्यंत पकड बरीचशी संपलेली असते. दोन्ही एकाच वेळी पूर्ण हाताशी नसतातच, त्यामुळे बेरीज फुगते.

डेरेक मार्टिन, पीटर कैसर या खडक-अभियंत्यांनी आणि सहकाऱ्यांनी अनेक बोगद्यांतल्या खाचा मोजून एक सोपा नियम बसवला. कडेचा सर्वाधिक दाब भागिले नमुन्याची ताकद, गुणिले १.२५, वजा ०.५१. उत्तराला बोगद्याच्या त्रिज्येनं गुणलं की खाचेची अंदाजे खोली मिळते. भागाकार ०.७ आणि त्रिज्या १.५ मीटर असेल, तर सुमारे अर्धा मीटर. नियम ढोबळ आहे, तरी मला तो फार आवडतो, कारण रॉक बोल्ट (खडक धरून ठेवायला त्यात भोक पाडून बसवलेली पोलादी सळी) किती लांबीचा हवा हे त्यावरून ठरवता येतं: खाचेच्या पलीकडच्या शाबूत खडकात तो रुतला पाहिजे.

खडक नेमका कधी उडेल, हे मात्र असं काढता येत नाही. खडकातले बारीक आवाज टिपणारी यंत्रं धोक्याची जागा दाखवतात, घटिका नाही. कृत्रिम बुद्धिमत्ता ‘मिनिटासह’ भाकीत करील असं कोणी सांगितलं, तर आधी त्याला विचारावं की खोटे इशारे किती दिले.