पर्पज आणि व्हिजन एकच नाहीये हो!

प्रोजेक्टची पहिली मीटिंग असली की ती स्लाइड येतेच. वर 'पर्पज अँड व्हिजन', खाली एकच वाक्य आणि त्यात कुठेतरी 'वर्ल्ड-क्लास'. अहो, हेडिंगमध्ये दोन गोष्टी लिहिल्यात तर खाली पण दोन सांगा ना.

व्हिजन सगळ्यांना कळतं. काम तडीस गेलं की चित्र कसं दिसेल ते, बास. मिशन, गोल, टार्गेट यांचा कीस ज्यांना पाडायचाय त्यांनी पाडावा. गोची होते पर्पजपाशी, कारण लोक तेच चित्र शब्द बदलून परत लिहितात. पर्पज म्हणजे हे सगळं कोणासाठी आणि कशापायी चाललंय, आणि त्याची गरज कधी पडते तर पैसा, वेळ, माणसं कमी पडली आणि काहीतरी सोडावं लागणार असेल तेव्हा.

नगरकडचं हिवरे बाजार घ्या (आता अहिल्यानगर म्हणायचं). दुष्काळी गाव, पाऊस जेमतेम, लोक कामासाठी गाव सोडून जायचे. १९९० च्या आसपास पोपटराव पवार सरपंच झाले आणि मग बंधारे, समतल चर, झाडं, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी. यातलं बरंचसं बाकी गावांनीही केलं, 'पाणीदार गाव' हे व्हिजन पण सेम. पण एखाद्या गावात विहिरी भरल्या की लगेच ऊस लावतात, बोअर मारतात, आणि दोन उन्हाळ्यांत टँकर परत दारात. गंमत म्हणजे व्हिजनच्या हिशोबाने त्या गावाचं काही चुकलेलंच नसतं, पाणी दिसलं ना, झालं चित्र पूर्ण! हिवरे बाजारला पाणी हवं होतं ते गावातल्या प्रत्येकाचं गावातच भागावं म्हणून, त्यामुळे पाणी आल्यावरही शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, आणि दरवर्षी झालेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद, त्यात आधी माणसांचं-जनावरांचं प्यायचं पाणी, मग उरेल त्यावर पिकं. 'पाणीदार' या चित्रातून उसाला नाही म्हणायचं कारण सापडत नाही, ते 'कशापायी' मध्ये सापडतं.

ऑफिसातही तेच. समजा हॉस्पिटलसाठी अपॉइंटमेंटचं ॲप करताय. 'सगळं एका ॲपवर' हे व्हिजन. 'पेशंटला दोन दोन तास बाकड्यावर बसायला लागू नये' हे पर्पज. डेडलाइन महिनाभर अलीकडे आली तर पहिल्या वाक्यावरून काहीच ठरत नाही, सगळेच फीचर महत्त्वाचे वाटतात आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं फीचर राहतं. दुसऱ्यावरून पाच मिनिटांत ठरतं, की नंबर जवळ आल्याचा एसेमेस ठेवा, बाकी नंतर बघू, ॲपच नाही झालं तरी चालेल.

म्हणून माझ्या टीममध्ये पर्पज आधी, साध्या मराठीत, विशेषणं न लावता. त्यावरून एकाही गोष्टीला 'हे आपण करणार नाही' म्हणता येत नसेल तर ते परत लिहायचं. व्हिजन मधेच बदललं तरी माझी हरकत नसते, पर्पज बदललं तर मात्र सरळ नवीन प्रोजेक्ट म्हणा आणि लोकांना नव्याने विचारा, येताय का म्हणून.